मंत्रालयातली ‘टिप्पणी’ म्हणजे शेरा नव्हे

विलेपार्ल्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: एकाच बातमीत वर ‘विभागाने मंत्रिमंडळ टिप्पणी तयार केली’ आणि खाली ‘वित्त विभागाने प्रतिकूल टिप्पणी केली’ असं वाचलं. टिप्पणी म्हणजे शेरा ना? मग विभाग स्वतःच्याच प्रस्तावावर शेरा कसा मारतो?

शंका रास्त आहे. घोळ बातमीदाराने घातला आहे, पण त्याला मदत केली ती ‘टीकाटिप्पणी’ या जोडशब्दाने. टीकेच्या शेजारी राहून राहून टिप्पणीलाही बोचरी धार आली आणि ‘त्याने माझ्यावर टिप्पणी केली’ म्हटलं की काहीतरी लागट बोललं गेलं असणार हे आपण धरूनच चालतो. मुळात संस्कृतात टिप्पणी म्हणजे ग्रंथावरचं लहानसं स्पष्टीकरण आणि टीका म्हणजेसुद्धा स्पष्टीकरणच. दोघीही निरुपद्रवी. मंत्रालयातली टिप्पणी त्या जुन्या अर्थाच्या जवळची, म्हणजे टिपणाची सख्खी बहीण आहे.

नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, उघडली की तिचे दोन भाग दिसतात. एकात आलेली-गेलेली पत्रं, तो पत्रव्यवहार विभाग. दुसऱ्यात त्या पत्रांवर कार्यालयाने केलेला विचार, तो टिप्पणी विभाग. पानांचे आकडेही तसेच पडतात: ‘पृ. ३/प.वि.’, ‘पृ. ७/टि.वि.’. कार्यासनातला, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेतला, सहायक कक्ष अधिकारी सुरुवात करतो, ‘पृ. ३/प.वि. वरील पत्राचे कृपया अवलोकन व्हावे.’ यात कर्ता नाही, ‘मी’ नाही, ‘मला वाटतं’ तर नाहीच. त्याखाली कक्ष अधिकारी, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री असं लिखाण आणि सह्या खाली खाली उतरत जातात. हुद्दा चढतो तशी वाक्यं आखडतात. वर पोचेपर्यंत ‘चर्चा करावी’ एवढंच उरतं. शेरा म्हणायचाच असेल तर तो हा.

मंत्रिमंडळ टिप्पणी ही या नस्तीतून निघते, पण जातीने वेगळी. नस्तीवर अनेकांचे हात असतात. मंत्रिमंडळापुढे मात्र विभाग एका आवाजात बोलतो. पार्श्वभूमी, सध्याची तरतूद, काय बदलायचं आहे, त्याचा वित्तीय भार किती, कोणत्या विभागाने काय म्हटलं, त्यावर आपलं म्हणणं काय आणि शेवटी नेमक्या कोणत्या मुद्द्यावर निर्णय हवा, हे सगळं त्या एका कागदात बसवायचं. म्हणजे ‘प्रस्ताव’ हा त्यातला मागणीचा गाभा आणि ‘टिप्पणी’ हा तो वाहून नेणारा अख्खा दस्तऐवज. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. बोलण्यात चालून जातं, पण ‘प्रस्तावात त्रुटी’ आणि ‘टिप्पणीत त्रुटी’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत कल्पनाच लंगडी असते, दुसरीत कागद कच्चा असतो.

कोणते विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचेच, हे महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीत ठरलेलं आहे. मूळची १९७५ची ही नियमावली संविधानाच्या अनुच्छेद १६६ खाली, म्हणजे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालवायला सांगणाऱ्या कलमाखाली, केलेली. (सचिवालयाचं ‘मंत्रालय’ झालं तेही १९७५मध्येच. सचिव बसतात ते सचिवालय, मंत्री बसतात ते मंत्रालय असा नामांतराचा साधा अर्थ. टिप्पण्या आधीसारख्याच सचिवांच्या बाजूने तयार होत राहिल्या.)

आता वित्त विभागाकडे येऊ. तिजोरीवर भार पडणार असेल तर या विभागाला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कायद्याचा मुद्दा असला की विधि व न्याय विभाग. हे विभाग जे लिहून देतात ते ‘अभिप्राय’. त्यामुळे बातमीत ‘वित्त विभागाने प्रतिकूल अभिप्राय दिला’ असं हवं होतं. टिप्पणी प्रस्ताव आणणाऱ्या विभागाची, अभिप्राय विचारणा झालेल्या विभागाचा.

या विचारण्याची तऱ्हा मोठी गमतीची. पत्र न लिहिता नस्तीच त्या विभागाकडे पाठवायची, त्याने तिच्यावरच लिहून परत करायची. याला म्हणतात ‘अनौपचारिक संदर्भ’. नाव अनौपचारिक, पण त्याला क्रमांक असतो, दिनांक असतो, आणि पुढे शासन निर्णयात तो दिमाखात छापलाही जातो: ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये प्राप्त झालेल्या सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे.’ इतकं औपचारिक अनौपचारिक दुसरीकडे सापडणार नाही. त्या वाक्यातला ‘सहमती’ शब्दही नीट पाहा. वित्त विभाग सहमती देतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि विधेयकाला राज्यपाल अनुमती देतात. घरगुती मराठीत तिन्हींचा अर्थ ‘हो’, पण इथे अदलाबदल चालत नाही. ‘वित्त विभागाची मान्यता’ सर्रास ऐकू येतं. त्यात वित्त विभागाचा दरारा दिसतो, अचूकपणा नाही.

टिप्पणी वेळेत पोचली तर विषय कार्यसूचीवर येतो. नाही पोचली तर ‘ऐनवेळचा विषय’. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेच्या नोटिशीत शेवटची ओळ असते ना, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, तोच हा शब्द. सोसायटीत त्याखाली गाड्यांच्या जागेचं भांडण निघतं. इथे इतर मंत्र्यांना कागद आधी वाचायला मिळालेला नसतो, म्हणून या शब्दाला बातम्यांत संशयाचा वास येतो. माझ्या मते तो वास बरेचदा योग्य असतो.

बैठक झाली, प्रस्ताव मंजूर झाला, तरी लगेच ‘जीआर निघाला’ म्हणू नये. बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं आणि ते ‘कायम’ व्हावं लागतं. बोलीत नोकरी कायम होते, इथे नोंद कायम होते: हेच ठरलं होतं, यावर शिक्कामोर्तब. घाई असेल तर ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता’ पुढे जाण्याची मुभा मागितली जाते. मग शासन निर्णय. त्याला जुन्या मराठीत सरकारी ठराव म्हणत. आज ‘ठराव’ ग्रामपंचायत आणि विधिमंडळाकडे गेला आणि ‘निर्णय’ शासनाकडे राहिला, पण ‘गव्हर्नमेंट रेझोल्यूशन’ची इंग्रजी आद्याक्षरं जुनीच असल्यामुळे सगळं मंत्रालय अजून जीआरच म्हणतं. त्याच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असतं आणि सही मात्र उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची. तेही अनुच्छेद १६६मुळेच.

प्रश्नकर्त्याने ‘मंत्रीमंडळ’ असं दीर्घ लिहिलं आहे. मूळ शब्द ‘मंत्रिन्’, म्हणून एकटा मंत्री दीर्घ, समासात ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, मंत्रिपद, मंत्रिपरिषद, जसं पक्षिमित्र, विद्यार्थिगृह. यांतल्या मंत्रिपरिषदेत राज्यमंत्रीही येतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांच्या १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ पर्यंत, ही मर्यादा सांगणाऱ्या अनुच्छेदात शब्द मंत्रिपरिषदेचाच आहे. वर्तमानपत्रं तिथेही मंत्रिमंडळच लिहितात.