अँजिओप्लास्टी पायाची पण असते?

प्रश्न : बाबांना शुगर, वर विडी. म्हापशाच्या बाजारात शंभर पावलं चालले की पोटरी धरते, थांबले की बरं. डॉक्टर अँजिओप्लास्टी म्हणतात, ती तर हार्टची ना? (डिचोलीचा वाचक)

उत्तर : अहो, सुरुवातच पायापासून झाली! १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटरनी पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींची मांडीतली तुंबलेली धमनी कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, उघडली. आता जांघेतून बारीक वायर सरकवतात, धमनी तुंबलीय त्या ब्लॉकपाशी फुगा फुगवतात, लागलाच तर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), बहुतेकदा भूल तेवढ्या जागेपुरतीच. पण विडी चालू ठेवली तर परत ब्लॉक, हे बाबांना तुम्हीच सांगा, माझं ऐकायचे नाहीत. आणि बोट काळं पडलं किंवा झोपेतही पाय ठणकला तर चतुर्थी होऊदे म्हणत बसू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या.