एनसीएफआरचं सदस्यत्व आणि सीएफएलई केलं तर अमेरिकेत काम मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत गृहविज्ञानातल्या मानव विकास या विषयात एम.एस्सी. झालंय आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे आता मिनेसोटात आलात. मीही त्याच वाटेने इथे आले, म्हणून लिहिते.

एनसीएफआर म्हणजे 'नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स', कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्यांची अमेरिकन संस्था. सदस्य जरूर व्हा, पण नोकरीच्या आशेने नको. 'गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक ना?' हे आपण जन्मभर ऐकलेलं. या संस्थेत ते कुणी विचारत नाही. 1938 साली ती काढली एक कायद्याचे प्राध्यापक, एक समाजशास्त्रज्ञ आणि एक रब्बी अशा तिघांनी, म्हणजे वेगवेगळ्या विषयांची खिचडी पहिल्यापासूनच. कॉलेजात आपण 'जर्नल ऑफ मॅरेज अँड फॅमिली'मधले लेख झेरॉक्स काढून वाचायचो ना, ते यांचंच.

सीएफएलई (सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर, म्हणजे कौटुंबिक जीवनाचं शिक्षण देणारी व्यक्ती) हे त्यांचं 1985 पासूनचं प्रमाणपत्र. दहा विषय: पालकत्व, लैंगिकता, घरातला पैसा आणि वेळ, वगैरे. बहुतेक आपण शिकलेलोच असतो. मला रडवलं त्यातल्या कायद्याच्या विषयाने. हिंदू विवाह कायदा तोंडपाठ, पण इथल्या 1993 च्या केंद्रीय कायद्यात बाळंतपणासाठी 12 आठवडे रजा, तीही बिनपगारी आणि तीही सगळ्यांना नाही, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आईला फोन लावला. आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहेत, पगारी.

एक घोळ मात्र करू नका. सीएफएलई म्हणजे समुपदेशनाचा परवाना नव्हे. तो राज्य देतं. मी घेते त्या गुरुवारच्या पालक-वर्गात एका आईने पोरगं जेवत नाही म्हणून विषय काढला आणि दोन मिनिटांत गाडी नवऱ्याच्या मारापर्यंत गेली. तिथे शिकवणं थांबवायचं, वर्ग संपल्यावर तिच्याजवळ बसायचं आणि मदत करणाऱ्या संस्थेला तिच्यासमोरच फोन लावून द्यायचा. संसार सोडवायला आपण बसायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

मिनेसोटातल्या शाळांचे पालक-वर्ग चांगले चालतात, पण तिथे शिकवायला राज्याचा वेगळा परवाना लागतो. नुसत्या सीएफएलईवर भागत नाही. लायब्ररी किंवा सामाजिक संस्थेत हे प्रमाणपत्र जास्त उपयोगी पडतं. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर आधी कामाच्या परवान्याचं बघा. संस्थेचं संमेलन नोव्हेंबरात असतं, तिथे एकदा जाऊन या. सीएफएलईच्या परीक्षेचा अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.