तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान टाकतोय, सगळं काम मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर निघेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: दसऱ्याला डीटीपी-झेरॉक्सचं दुकान उघडताय. कामं म्हणजे लग्नपत्रिका, फ्लेक्स, मराठी टायपिंग, पासपोर्ट फोटो आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक. भांडवल बेताचं आहे. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) आणि मोफत सॉफ्टवेअरवर भागवावं की पैसे मोजावेत, हा पेच आहे आणि मित्र म्हणतोय, ‘क्रॅक टाक, सगळे तेच करतात,’ म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय, तेही तालुक्याच्याच गावी. टायपिंग, पुस्तकं आणि फोटो मोफत सॉफ्टवेअरवर करा. पत्रिका आणि फ्लेक्ससाठी कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विकत घ्या. क्रॅकच्या वाटेला जाऊ नका. हे वाचून तुम्ही उठलात तरी माझी हरकत नाही, पण मी इथवर कसा आलो ते ऐकलंत तर तुमचे थोडे पैसे वाचतील.

२००४ साली एका निवृत्त गुरुजींचं १६० पानांचं पुस्तक मी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं होतं. सोळा-सोळा पानांचे दहा फर्मे, बटर पेपरवर प्रिंट, सगळं झकास. मराठी फाँटचं पॅकेज तेव्हा विकत घेतलं होतं आणि त्याचं लॉक, म्हणजे चोरी रोखणारा छोटा ठोकळा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागे. लॉक नाही तर मराठी नाही. २०१६ ला गुरुजी दुसऱ्या आवृत्तीसाठी आले. सीडी सापडली, तीही चक्क चालली. पण नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नव्हतं, आणि पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. कशीबशी फाइल उघडली तर पडद्यावर रोमन चिन्हांचा नुसता चिवडा.

असं का झालं ते समजून घ्या, कारण तुमचा निम्मा निर्णय इथेच होतो. त्या काळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत: कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच होतं, मराठी फक्त आपल्या डोळ्यांना दिसायची. फाँट गेला की मराठी गेली. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत अक्षर स्वतः साठवलं जातं आणि त्याचं रूप दाखवणं तेवढं फाँटकडे राहतं. फाँट बदला, मजकूर शाबूत.

गुरुजींचं पुस्तक मी जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं. नव्वद टक्के बरोबर आलं आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी जीव काढला. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. तीन प्रुफं वाचली, तरी छापून आल्यावर गुरुजींनी पेन्सिलीने अकरा खुणा करून पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्या दिवसापासून सॉफ्टवेअर निवडताना मी किंमत नंतर विचारतो. आधी तीन गोष्टी बघतो: ही फाइल माझ्याकडे कुठून येणार, पुढे कोणाकडे जाणार आणि दहा वर्षांनी ती मागायला कोण येणार.

पुस्तकाच्या फाइलला दहा वर्षांनी मागणी येते. म्हणून पुस्तकं मी लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो, युनिकोडमध्येच. त्याची फाइल सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रमाणित पद्धतीची असल्याने उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी दुसरं कोणीतरी ती उघडू शकेल. चित्रं, चौकटी, दोन-तीन कॉलम असा मामला असेल तर स्क्रायबस, हेही पानं लावायचं मोफत सॉफ्टवेअर. मात्र त्याची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची, आणि ते पाहूनच अनेकांनी ‘मोफतचं मराठीला चालत नाही’ असं ठरवून टाकलं. फाँटची तर आता चैन आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ घ्या. पुस्तकात वापरा, पाटीवर वापरा, कोणी बिल पाठवणार नाही.

एक छोटी खुबी सांगतो. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असं एक खातं असतं. तिथे बहुधा हिंदी असते, ती बदलून मराठी करा. ज्या फाँटमध्ये सोय केलेली असते त्यात श आणि ल लगेच मराठी वळणाचे होतात. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा ल पाहिला की ‘काहीतरी वेगळं दिसतंय’ एवढं ते नक्की म्हणतं.

टायपिंगचंही तसंच. अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्रं लिब्रेऑफिसमध्ये आरामात होतात. अडचण येते ती दुसऱ्याची वर्डची फाइल आल्यावर. साधा मजकूर नीट उघडतो, पण कोष्टकांचे अर्ज हमखास सरकतात, कारण त्यात मंगल फाँट लावलेला असतो आणि तो मायक्रोसॉफ्टचा असल्याने लिनक्सवर नसतो. एका पानाचा अर्ज दीड पानावर जातो आणि सहीची जागा एकटीच मागच्या पानावर पडते. जाताना पीडीएफ द्या, येताना पाच मिनिटं जास्त धरा. एखादं ऑफिस रोज अशा फाइली पाठवणार असेल तर मात्र एका मशीनवर वर्ड घ्यावं, उगाच तत्त्वासाठी झुंजू नये. ऑपरेटर ठेवणार असाल तर इनस्क्रिप्ट येणारा बघा. तो कीबोर्ड विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे आयता असतो.

आता पत्रिका. इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. मोफतच्या उत्साहात एका क्लासचं चार रंगांचं हँडबिल मी इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलं, दोन हजार प्रती. इंकस्केप उत्तमच आहे, लोगो मी आजही त्यातच काढतो. पण त्याचा रंग पडद्याचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा. छापखान्याला लागतात सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा. माझं बारीक काळं अक्षर सेपरेशनमध्ये, म्हणजे या चार रंगांची फोड होताना, चारही प्लेटांत वाटलं गेलं. ऑफसेटवर प्लेट केसभर सरकली, तर फोन नंबराच्या कडेला तांबडी-निळी सावली. प्लेट लावण्यापूर्वी सेपरेशन बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही. दोन हजार प्रतींचा कागद माझ्या खिशातून गेला. स्क्रायबसमधून काढलं असतं तर काळं एकट्या काळ्या प्लेटवर बसवता आलं असतं.

पण पत्रिकेसाठी मी स्क्रायबसही सांगत नाही, आणि कारण तांत्रिक नाहीच. गणपती, कलश, वधू-वराच्या डोल्या, किनारी असा जो साठा बाजारात फिरतो तो सगळा कोरलच्या फाइलींत. फ्लेक्सवाला फोनवर म्हणणार, ‘सीडीआर पाठवा, कर्व्ह करून,’ म्हणजे कोरलची फाइल, अक्षरांचं चित्र करून. रात्री नऊला वाढदिवसाचा फ्लेक्स बदलायचा असतो, नेत्याचा फोटो डावीकडचा उजवीकडे घ्यायचा असतो, तेव्हा त्याला पीडीएफचं माहात्म्य पटवत बसायला वेळ नसतो. शिवाय ऑपरेटर आजारी पडला तर तालुक्यात कोरल येणारी दहा पोरं मिळतील, इंकस्केप येणारं एकही नाही. काम अडल्यावर फोन कोणाला करायचा, हाही किमतीचाच भाग धरा.

म्हणून कोरल, आणि ते लिनक्सवर चालत नसल्याने एक मशीन विंडोजचं. घेताना एकदाच पैसे भरायचेत की दरवर्षी भाडं, हे दुकानदाराकडून स्पष्ट करून घ्या. फ्लेक्सवाला बहुतेक जुन्या आवृत्तीवर असतो, तर फाइल त्याच्या आवृत्तीत उतरवून द्यावी लागते. आणि कर्व्ह केलेल्या फाइलीत ‘चि. सौ. कां.’मधला ठिपकासुद्धा चित्र होऊन बसतो, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा आणि मजकूर एका साध्या युनिकोड फाइलीतही. लग्न मोडणं सोडा, मुहूर्त बदलला तरी पत्रिका पुन्हा काढावी लागते.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६३ बी आहे. माहीत असूनही चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. तुम्ही म्हणाल, तालुक्याला कोण येतंय बघायला. कबूल. मीही पहिली तीन वर्षं क्रॅकवरच काढली, खोटं कशाला बोलू. पण क्रॅकबरोबर एकदा असा व्हायरस आला की दहावीच्या अर्जांच्या गर्दीत दीड दिवस शटर खाली. कायद्यापेक्षा त्या दीड दिवसाने मला सुधारलं.

बाकीचं पटकन. पासपोर्ट फोटोला गिंप हे मोफत फोटो-सॉफ्टवेअर पुरतं. झेरॉक्स मशीन आणि स्कॅनर घेण्याआधी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते विक्रेत्याला दुकानातच चालवून दाखवायला सांगा. डिजिटल सहीचं टोकन वापरणार असाल तर त्याचंही तसंच. हिशेब सुरुवातीला लिब्रेऑफिसमधल्या कॅल्कच्या शीटवर ठेवा, आणि जीएसटी लागू झाल्यावर तुमचा सीए जे वापरतो तेच घ्या. तो टॅली म्हणाला तर टॅली. त्याच्याशी वाद घालण्यात फायदा नाही.

आणि कोरल आजच घेऊ नका. दसऱ्याला दुकान उघडा, पहिले काही आठवडे टायपिंग, झेरॉक्स, फोटोवर चालवा. तोवर दोन-तीन फ्लेक्सवाल्यांकडे जाऊन कोणती आवृत्ती चालते ते डोळ्यांनी बघून या. पत्रिकांचा हंगाम तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होतो. पैसे त्याच्या आठवडाभर आधी मोजलेत तरी चालेल.