बी. बी. किंगचा एक सूर, आणि तुमची पत्रं

14 मे 2015 ला लास वेगासमधे अमेरिकेतला ब्लूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग गेला, वय 89. मागच्या अंकात आपण चार ओळींची बातमी दिली होती फक्त, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर मी त्यालाच देऊन टाकलंय. मी त्याला एकेरीच म्हणणार आहे हां, आपण भीमसेन म्हणतो, कुमार म्हणतो तसं, मला दुसरं काही तोंडात येतच नाही. सगळी पत्रं घेता आली नाहीत, ज्यांची राहिली त्यांनी राग मानू नका.

पुण्याहून एक वाचक, सतारीचे विद्यार्थी: सर, बातमी वाचून मी दोन दिवस बी. बी. किंग ऐकला. खोटं कशाला बोलू, सगळी गाणी सारखीच वाटली. तेच तीन कॉर्ड, स्पीड पण नाही. एवढं काय आहे यात?

सतार शिकताय ना, मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. पहिलं म्हणजे ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या सुखदुःखाच्या गाण्याचा, साचा असतोच सारखा, बारा मात्रा नाही पण बारा बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट) आवर्तन म्हणा, पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. तुम्ही विलंबित एकताल ऐकताना "हे काय, परत परत समेवर येतात" अशी तक्रार करत नाही, कारण मधे काय भरलंय ते ऐकता, इथेही तेच करा. सुरांचं म्हणाल तर धानी घ्या, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हा झाला सांगाडा. पण गंमत गंधारात आहे, ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, तो दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो आणि प्रत्येक जण तो आपापल्या जागी लावतो. किंग तर वरून शुद्ध धैवत आणि रिषभही आणतो, त्यामुळे त्याचं रडणंसुद्धा नुसतं काळंकुट्ट नसतं, मधेच ऊन पडतं.

आता स्पीड. टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात त्याचा एक मामेभाऊ-चुलतभाऊ कोणीतरी लागायचा, बुका व्हाइट, तो फार मोठा ब्लूजवाला, तारेवर लोखंडी नळी घासून वाजवायचा, त्याला स्लाइड म्हणतात. किंगला तो आवाज वेड लावायचा पण ते त्याच्या हाताला कधी जमलंच नाही. मग त्याने काय केलं, नळीशिवाय नुसत्या बोटाने तार दाबून हात मनगटापासून असा थरथरवला की नळीसारखा आवाज यावा. अंगठा गिटारच्या मानेवरून सुटतो आणि पंजा फुलपाखरासारखा फडफडतो, व्हिडिओ बघा, लगेच दिसेल. आणि तार पडद्यावर आडवी ओढून सूर चढवतो, म्हणजे तुम्ही सतारीवर मींड घेता अगदी तीच क्रिया. आज जगात जो कोणी इलेक्ट्रिक गिटारवर लांब सूर धरून हलवतो त्याच्या हातात हा माणूस कुठे ना कुठे आहेच, आणि हे सगळं सुरू झालं एक गोष्ट जमली नाही म्हणून, हे मला फार मोठं वाटतं.

अजून एक. तो गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. गाणं म्हणतो, थांबतो, मग गिटार उत्तर देते. तुमच्याकडे गायकी अंग म्हणतात ना, वाद्याने गळ्यासारखं बोलायचं, तेच. तर आता असं करा, शब्द सोडून द्या, तो गायचं थांबला की पुढचे चार-पाच सूर फक्त ऐका, आणि त्यानंतर तो जी जागा रिकामी ठेवतो ती पण ऐका. दुसऱ्या कोणी तिथे वीस सूर कोंबले असते. दोन दिवस पुरणार नाहीत, दोन महिने द्या आणि मला परत लिहा.

यवतमाळ जिल्ह्यातून एक शेतकरी वाचक: साहेब, बातमीत "कापसाच्या मळ्यात जन्म" असं होतं. खरंच वेचणी केलेला माणूस होता का, का नुसतं सांगायला?

खरंच केलेला. 16 सप्टेंबर 1925, मिसिसिपी राज्यात इटा बेना गावाजवळच्या मळ्यावर जन्म, खरं नाव रायली किंग. मिसिसिपी नदीच्या त्या सपाट काळ्या पट्ट्याला डेल्टा म्हणतात, कापसाचाच मुलूख. आईवडील वेगळे झाले, आई लहानपणीच गेली, आजीकडे वाढला, मग तीही गेली. वेचणी केली, औत हाकलं, पुढे ट्रॅक्टर चालवायला लागला. तिथली पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल, जमीन मालकाची, राबणारा काळा माणूस, बियाण्यापासून पिठामिठापर्यंत सगळं मालकाच्या दुकानातून उधार, आणि वर्षाच्या शेवटी हिशोबाला बसलं की अर्ध्या वाट्यातून उधारी वजा होऊन हातात काही उरायचंच नाही, उलट पुढच्या सालाचं कर्ज. आपल्याकडे अर्धेली आणि सावकारी दोन्ही एकाच माणसाने केली तर काय होईल, तसं.

1946 मधे त्याच्या हातून ट्रॅक्टरचा धुराचा पाइप मोडला, मालक काय करेल या भीतीने तो गिटार घेऊन मेंफिसला पळाला, त्या बुका व्हाइटकडेच. पण मग परत आला बघा, काम करून देणं फेडलं आणि 1948 ला पुन्हा मेंफिस गाठलं, कायमचं. ही परत येण्याची गोष्ट बरेच जण लिहिताना गाळतात, मला तीच जास्त आवडते.

शेतात काम करताना माणसं एकेकटी ओरडून ओळी म्हणायची आणि लांबून दुसरा उत्तर द्यायचा, ब्लूजचं एक मूळ त्यात आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, काम चालू, दुःख चालू, गाणं त्याच लयीत. ओवी आणि ब्लूज एकच आहे असं मी म्हणत नाही, पण ज्या बाईने पहाटे दळताना सासरचं गाऱ्हाणं गायलं तिला हा माणूस परका वाटला नसता.

आणि कापूस आपला त्यांचा जुना संबंध आहेच. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि भाव इकडे चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, युद्ध संपल्यावर 1865 ला सगळं कोसळलं. ते युद्ध गुलामीवरून झालं, आणि गुलामी गेल्यावर जी अर्धेली आली तिच्यात किंग जन्मला. आज मिसिसिपीतल्याच इंडियानोला गावात त्याचं म्युझियम आहे, 2008 पासून, ज्या जिनिंगमधे त्याने काम केलं त्याच विटांच्या जुन्या इमारतीला लागून. 30 मे ला त्याला तिथेच पुरलं.

कोल्हापूरहून कॉलेजमधली एक वाचक: दादा, सगळे ल्युसिल ल्युसिल म्हणतायत, ती त्याची बायको होती का?

नाही गं, गिटार! 1949 चा हिवाळा, आर्कान्सा राज्यातलं ट्विस्ट नावाचं गाव, नाचाचा हॉल, ऊब यावी म्हणून मधोमध रॉकेल पेटवलेलं पिंप ठेवलेलं. दोघांची मारामारी झाली, पिंप लवंडलं, लाकडी हॉल पेटला. सगळे बाहेर पळाले, किंगसुद्धा, आणि बाहेर आल्यावर आठवलं की गिटार आत राहिली, तर हा परत आत घुसला. गिटार घेऊन वाचला कसाबसा. आत दोन माणसं मेली. दुसऱ्या दिवशी कळलं की मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून झाली होती, ती त्याने कधी पाहिलीही नव्हती. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गिटारचं नाव ल्युसिल, बाईवरून भांडू नये आणि जळत्या घरात परत जाऊ नये याची स्वतःला आठवण म्हणून. तू चित्रात बघतेस ती काळी मोठी गिटार गिब्सन कंपनीची, 1980 पासून त्यांनी ल्युसिल नावानेच मॉडेल काढलं, त्यावर नेहमीची दोन भोकं नसतात कारण मोठ्या आवाजात त्यातून शिट्टी वाजते, आधी तो त्या भोकांत कापड कोंबायचा.

आणि हो, बी. बी. म्हणजे ब्लूज बॉय. मेंफिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर तो टॉनिकच्या जाहिरातीचं गाणं म्हणायचा आणि रेकॉर्ड लावायचा, तिथे बील स्ट्रीट (मेंफिसमधला रस्ता) ब्लूज बॉय असं नाव पडलं, ते आक्रसत आक्रसत बी. बी. झालं.

ठाण्याहून एक निवृत्त वाचक: काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून 80 च्या सुमारास घेतलेली त्याची कॅसेट अजून माझ्याकडे आहे, टेप इतकी सैल झालीय की गाणं अर्ध्या सुराने उतरलंय, तरी बातमी कळली त्या रात्री तीच लावली. प्रश्न असा की गोऱ्या रॉकवाल्यांनी त्याला मोठं केलं असं सगळीकडे लिहितात, हे खरं का?

तुमची कॅसेट वाचून गलबलून आलं, मीही तिथेच पहिल्यांदा त्याचं नाव वाचलं होतं. ती जपून ठेवा, आणि पेन्सिलने थोडी घट्ट करून बघा.

उत्तर, अर्धं खरं. 1952 च्या सुरुवातीलाच त्याचं थ्री ओक्लॉक ब्लूज रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीताच्या, यादीत पहिल्या नंबरवर होतं, 1956 या एका वर्षात त्याने 342 कार्यक्रम केले, बसने, जिथे काळ्या माणसाला धड हॉटेलात जेवायलाही मिळत नव्हतं अशा मुलखातून. म्हणजे आपल्या माणसांत तो मोठा होताच, फक्त गोऱ्यांना माहीत नव्हता. शिकागोच्या रीगल थिएटरमधलं 21 नोव्हेंबर 1964 चं रेकॉर्डिंग ऐका, बायका किंचाळतायत, एकेका ओळीला दाद पडतेय, नाट्यगृहात नाट्यपदाला वन्स मोअर मिळावा तसं.

पण साठच्या दशकात काळ्या तरुणांना ब्लूज नकोसा झाला, त्यांना तो मळ्यावरच्या अपमानाची आठवण वाटायचा, काळ्यांचंच नवं सोल संगीत आलं होतं, आणि याला एका कार्यक्रमात चक्क हूट केलं गेलं. त्याचं त्यांच्यावर चिडणं नव्हतं, वाईट वाटणं होतं. आणि मग फेब्रुवारी 1967, सॅन फ्रान्सिस्कोचा फिलमोर हा कार्यक्रमांचा हॉल. पूर्वी तिथे काळे प्रेक्षक असायचे, याची बस पोचली तर दारात सगळी लांब केसांची गोरी पोरं बसलेली, याला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो. आत गेला, नाव पुकारलं गेलं आणि एकही सूर वाजायच्या आधी सगळा हॉल उभा राहिला. तो रडला, वाजवताना पण रडत होता. त्या पोरांनी क्लॅप्टन, ब्लूमफील्ड या गोऱ्या गिटारवाल्यांकडून त्याचं नाव ऐकलेलं, त्यामुळे रॉकवाल्यांनी त्याच्यापर्यंतचा रस्ता दाखवला हे खरंच, पण ते स्वतः त्याच्याकडूनच शिकलेले. मोठं केलं म्हणू नका, ऋण फेडलं म्हणा.

नाशिकहून एक वाचक: सुरुवात कुठून करू? आणि शेवटपर्यंत वाजवत होता का?

रीगलचं वर सांगितलंच. मग द थ्रिल इज गॉन, गाणं मूळ रॉय हॉकिन्सचं 1951 चं, याने 1969 मधे मागे व्हायोलिनं लावून केलं, ते घरातल्या ब्लूज न आवडणाऱ्यांनाही आवडतं. मग शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगातलं 1970 चं रेकॉर्डिंग. क्लॅप्टनबरोबरचं 2000 चं शेवटी ऐका, आधी नको. आणि हो, मधुमेह होता तरी खुर्चीत बसून वाजवत राहिला, ऑक्टोबर 2014 मधे शिकागोच्या कार्यक्रमात तब्येत बिघडली तोपर्यंत. मुंबईत फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव होतो 2011 पासून, पहिल्याच वर्षी बडी गाय नावाचा ब्लूज गिटारवाला आला होता, किंगचाच चेला म्हणा, जमलं तर जा.

न्यू जर्सी, एडिसनहून एक वाचक: काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधे टाइम्स स्क्वेअरच्या त्याच्या क्लबमधे मी त्याला ऐकलं. शेवटी तो खुर्चीतूनच गिटारची पिकं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकत्या, वाटत होता, एक माझ्या मांडीवर पडलं. तेव्हापासून फ्रेममधे आहे. आता मुलगी गिटार शिकतेय, दहा वर्षांची, ती म्हणते बाबा मला त्याने वाजवायचंय. देऊ का? बायको म्हणते वेडा झालायस का.

वहिनींची माफी मागून सांगतो, द्या. त्याने ती मूठ मूठ भरून वाटली, दर कार्यक्रमात, लहान पोरं दिसली तर आवर्जून. वाढदिवसाला वगैरे नको, एखाद्या साध्या रविवारी फ्रेम उघडा, आधी तिला रीगलमधलं पहिलं गाणं ऐकवा आणि मग हातात द्या. झिजेल, कोपरा गोल होईल, होऊ दे. फक्त रोजच्या सरावाला साधं पिक वापरायला सांगा आणि हे गिटारच्या पेटीतल्या आतल्या कप्प्यात ठेवायला लावा, दहा वर्षांची पोरं पिकं सोफ्याच्या फटीत घालवतात, आमच्याकडे तीन निघाली.