सही सीएची, आकडे मित्राचे

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. नुकतेच निवृत्त झालेत. मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात २० लाख घालून ३० टक्क्यांचे भागीदार व्हायचंय. विचारतात, पैशांसाठी एफडी मोडू की बँकेतल्या साहेबांनी ‘एफडीसारखीच’ म्हणून दिलेली, तीन वर्षं भरलेली युलिप (बाजाराशी जोडलेली विमा योजना) सरेंडर करू? सोबत ‘सीएने सही केलेला’ ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद आहे: विक्री १ कोटी ७५ लाख, नफा १४ लाख. ‘वर्षाला चार लाख तरी सुटतील,’ असा त्यांचा हिशोब.

युलिपचं आधी उरकतो. पाच वर्षांच्या आत बंद केली तरी पैसे हातात पडत नाहीत, ती पाच वर्षं भरेपर्यंत अडकून राहतात. युलिपला एफडी म्हणून गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण तुमची मोठी चूक वेगळी आहे. हा ताळेबंद ऑडिट झालेला नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मालकाने दिलेल्या माहितीवरून तयार केले’. ४६ लाखांच्या शिल्लक मालापुढेही ‘मालकाने प्रमाणित केल्याप्रमाणे’. मित्राने दिलेले आकडे सीएने नीट मांडून दिले, इतकंच. गोडाऊनमध्ये जाऊन प्लायवूड मोजलं नाही, उधारीवाल्यांना फोन केला नाही. ते काम त्याला कोणी दिलंच नव्हतं. यूडीआयएन, म्हणजे सीएने त्या कागदाला दिलेला खास क्रमांक, तपासलात तर सही खरी आहे एवढं कळेल. माल खरा आहे का, ते नाही.

आता नफा बघा. १ कोटी ७५ लाखांचे ८ टक्के म्हणजे बरोबर १४ लाख. मला हा योगायोग वाटत नाही. त्या वर्षासाठी प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४ एडीखाली २ कोटींपर्यंतच्या विक्रीवर रोखीला ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेला ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येत होतं. ऑडिट लागत नव्हतं. बहुधा आधी नफा धरला आणि ताळेबंद मागून जुळवला. दुकानाने खरंच किती कमावलं, ते यातून कळतच नाही.

१४ लाख खरे धरू. मित्र दिवसभर गल्ल्यावर बसतो, तो महिना ४० हजार पगार घेणारच. उरले ९ लाख २० हजार. पेढीचा ३१ टक्के कर गेला की सुमारे ६ लाख ३३ हजार. तुमचा वाटा १ लाख ९० हजार, म्हणजे साडेनऊ टक्के. चार लाख कुठून येणार? एफडीपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त मिळवायला तुम्ही केवढी जोखीम घेताय! १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे आपण भागीदार असताना झालेल्या पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो, फक्त आपल्या ३० टक्क्यांपुरता नव्हे. ताळेबंदात २५ लाखांची सीसी, म्हणजे मालावर घेतलेलं बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, आहे. ती तुम्ही आल्यावर पेढीच्या नावावर पुढे चालली आणि थकली, तर वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते.

मित्राकडून वर्षभराचे जीएसटीआर-३बी (जीएसटीची विवरणपत्रं), बँक स्टेटमेंट आणि कोणाची उधारी किती दिवसांची आहे याची यादी मागा. सीसीसाठी बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंट तर मागाच. तिथे ४६ ऐवजी ६० लाख दिसले, तर दोन्हींपैकी एक कागद खोटा आहे. दुकान बंद असेल त्या दिवशी माल स्वतः मोजा. हे सगळं तुमच्या खर्चाने, तुम्ही नेमलेल्या सीएकडून तपासून घ्या. मित्राला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. २० लाख तुमचे आहेत. हे होईपर्यंत एफडीला हात लावू नका.