बोअरवेलच्या पाण्यातले फ्लोराइड जिवाणूंना मारत कसे नाही, आणि असे जिवाणू वापरून ते पाणी शुद्ध करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

जिवाणू फ्लोराइड पचवत नाहीत. पेशीपटलातील प्रथिनांमार्फत ते सतत बाहेर घालवतात, म्हणून तगतात. नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी ते असे मांडतो: आम्लधर्मी परिसरात तयार होणारे हायड्रोजन फ्लोराइड पटलातून सहज आत झिरपते, पण आतला पेशीरस जवळपास उदासीन (ना आम्ल, ना अल्कली) असल्याने तेथे फ्लोराइड आयन (ऋण विद्युतभाराचा कण) सुटा होतो आणि त्या भारामुळे आतच अडकून साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी लागणाऱ्या इनोलेजसारख्या विकरांचे (एन्झाइमांचे) काम रोखतो. हा आयन काही जिवाणूंत ‘फ्लुक’ नावाच्या वाहिनीतून, पेशीच्या आतल्या ऋण विद्युतभारामुळेच, बाहेर ढकलला जातो. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्समध्ये मात्र ‘सीएलसी-एफ’ हे प्रथिन एक प्रोटॉन आत घेऊन एक फ्लोराइड बाहेर सोडते. यात फ्लोराइड नष्ट होत नाही, त्यामुळे असे जिवाणू पाण्यात मिसळून बोअरवेलचे पाणी शुद्ध करण्याची तुमची कल्पना चालणार नाही.