रिकामं घर बघ, मगच सही कर

लेकरा,

रात्री तुझा मेसेज वाचला. शुक्रवारी रजिस्ट्री, मालक म्हणायलाय दोनदा बघितलंय की घर, एजंट म्हणायलाय समोरचा नाराज होईल, आणि तू मला विचारायलास की परत बघायला जाणं बरं दिसतं का. वीस वर्षं हप्ते तू भरणारेस आणि बरं दिसायची काळजी पण तुलाच?

तू घर दोनदा बघितलंस ते सामानासकट. पडदे, सोफा, कपाटं. रिकामं घर वेगळं असतं रे. मी 2008 ला लातूरात फ्लॅट घेतला तेव्हा मालक आमच्याच गावाकडचा, गोड माणूस, चहा पाजला, मग परत दार वाजवायची मलाच लाज वाटली. चावी हातात आल्यावर आत गेलो तर लोखंडी कपाटामागची सगळी भिंत ओलीनं फुगलेली, गीझर काढून नेलेला, आणि फोन लावला तर उचलेना. पैसे गेलेले, खरेदीखत झालेलं, कुणाला काय म्हणणार. त्या भिंतीचं तीनदा वॉटरप्रूफिंग केलं. तुझी काकू काही बोलत नाही पण तिकडं बघते ते मला कळतं.

म्हणून रिकामं बघ. गुरुवारी सकाळी उजेडात जा, सगळे नळ एकदम सोड, फ्लश कर, चार्जर घेऊन प्रत्येक प्लगला लावून बघ. इसार पावतीत पंखे, गीझर जे जे लिहिलंय ते जागेवर आहे का ते बघ, लिहिलं नसेल तर आजच लिहून घे. महावितरणचं शेवटचं बिल, मीटरचा फोटो, घरपट्टी, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, हे तुला माहितीये.

पाण्याचं मात्र नीट. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुला मी काय सांगू, पण त्या बिल्डिंगला कोणत्या दिवशी येतं, हौद केवढा, मे महिन्यात टँकर किती लागतात हे मालकाला नको, वॉचमनला विचार. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आमच्या सोसायटीचा बोअर कोरडा होता आणि मी घेताना बोअरबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

आणि चिरा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, बांधकाम हलतं. प्लास्टरच्या केसासारख्या चिरा सोडून दे, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि नख आत जाईल अशी दिसली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सही नाही. नवा फ्लॅट असता तर रेरा कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरच्या दोषाला बिल्डर बांधील असता. तुझा बारा वर्षं जुना.

तुझे वडील म्हणतील काका संशयी झालाय. 2019 ला मेव्हण्याच्या रजिस्ट्रीला मी निबंधक ऑफिसच्या दारातच अडून बसलो, आधी घर दाखवा म्हणलं, नंबर वाया गेला, मेव्हणा दोन महिने बोलला नाही. पण जाऊन बघितलं तर भाडेकरू अजून आतच होता, चूल-भांड्यासकट! माझं काय चुकलं? रिकामं घर बघायचं म्हणजे रिकामंच बघायचं.

आता मालकाला फोन लाव, बुधवारपर्यंत सामान हललं पाहिजे म्हणून सांग. का कू करायला लागला तर मला नंबर दे, मी बोलतो. बुधवारी रात्रीच्या बसनं निघतोच आहे, बादली आणि टॉर्च तेवढी तू आण.

तुझा काका